परिचर्येची पदवी आणि प्रौढ गृहिणी

सासूबाईंचें दुखणें काढलें, सासऱ्यांचा पक्षाघात सांभाळला, जावा-नणंदांचीं बाळंतपणें केलीं, अशी चाळिशी-पंचेचाळिशीची गृहिणी जेव्हां "मला परिचर्येचा पुढचा अभ्यासक्रम करावयाचा आहे" किंवा "समाजकार्याची पदवी घ्यावयाची आहे" असें म्हणूं लागते, तेव्हां घरांतून तिला बहुधा एकच उत्तर मिळतें. सेवा तर तुला उपजतच येते. मग त्यासाठीं या वयांत महाविद्यालयांत जाऊन बसण्याचें प्रयोजन काय? असें विचारणारीं माणसें दुष्ट नसतात. पुष्कळदां तीं त्याच सेवेनें बरीं झालेलीं असतात, आणि आपण तिची स्तुतिच करीत आहों अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. तथापि या स्तुतींत एक मोठा गैरसमज दडलेला आहे, आणि तो आपल्या प्राचीन ग्रंथांसही धरून नाहीं.

आयुर्वेदाचा थोडा परिचय असलेल्या वाचकांस चरकसंहितेंत सांगितलेले चिकित्सेचे चार पाद ठाऊक असतील: वैद्य, औषधद्रव्य, परिचर आणि रोगी. या प्रत्येकाचे पुन्हां चार-चार गुण तेथें मोजलेले आहेत. परिचराच्या गुणांत आरंभीं येते ती उपचारज्ञता. तिच्यामागून दाक्ष्य, म्हणजे हातांतील कसब. त्यानंतर रोग्याविषयींचा अनुराग. आणि शेवटीं शौच. या क्रमास फार अर्थ चिकटवूं नये, असें कोणी म्हणेल. तें आम्हांस मान्य आहे. पण अनुराग असला म्हणजे उपचारज्ञता आपोआप येते असें कांहीं तेथें म्हटलेलें नाहीं. दोन्ही गुण निरनिराळे म्हणून मोजले आहेत, आणि दोन्ही हवेत. आमच्या घरांतून मात्र अनुराग आणि शौच यांवरच परिचर्येची सर्व भिस्त ठेवलेली असते.

उदाहरणें फार दूर शोधावयास नकोत. अंथरुणास खिळलेल्या वृद्धाची कूस साधारणतः दर दोन तासांनीं बदलावी लागते. माकडहाड, खुबे, टाचा, खांद्याचीं हाडें या ठिकाणची त्वचा रोज पाहावी लागते. तेथें आलेली लाली बोटानें दाबूनही जात नसेल, तर ती शय्याव्रणाची पहिली पायरी समजावी, आणि त्या जागेवर चोळूं नये. चोळल्यानें आंतील इजा वाढते. पक्षाघातानें ज्याची गिळण्याची शक्ति मंदावली आहे अशा रोग्यास आडवें निजवून पाणी पाजूं नये. तें श्वासनलिकेंत उतरतें आणि फुप्फुसदाह होतो. आतां आपापल्या घरीं आठवून पाहावें. लाल झालेल्या जागीं कोमट तेल घेऊन जोरानें मर्दन करणें, आणि निजल्या निजल्या तोंडांत चमच्याचमच्यानें पाणी सोडणें, या दोन्ही गोष्टी किती घरांत अत्यंत प्रेमानें केल्या जात असतील ! प्रेमांत उणें कांहींच नसतें. उणी असते ती उपचारज्ञता.

मग पुस्तक वाचून ती मिळवावी, पदवीचा खटाटोप कशाला, असा दुसरा आक्षेप येतो. नाडी, श्वास, मूत्राचें मान, शिरेंतून जाणाऱ्या औषधाचा वेग, या गोष्टी पुस्तकावरून कळतात. पण हातांत येतात त्या रुग्णालयांत, जाणत्या व्यक्तीच्या डोळ्यांदेखत, शंभर वेळां केल्यानें. शिवाय अधिकाराचा प्रश्न आहे. आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं. पदवी नसल्यानें माणसाचें ज्ञान कमी होतें असें नाहीं. परंतु पगारपत्रकांत आणि सभेंत तें कमी धरलें जातें, हें चौतीस वर्षांच्या नोकरींत आम्हीं पुरेपूर पाहिलें आहे. रात्रपाळीस वीस रोग्यांची जबाबदारी वाहणारी अनुभवी परिचारिका सकाळीं आपलें मत सांगूं लागते, आणि तें ऐकून घेतलें जाईल कीं नाहीं हें कित्येकदां तिच्या नांवापुढील अक्षरांवर ठरतें.

आपल्या वर्गाच्या घरांतून या व्यवसायाकडे पाठ फिरविली गेली, त्याचें खरें कारण वय नव्हतें, सोवळें होतें. परक्याच्या मलमूत्रास हात लावणें हें कुलीन स्त्रीचें काम नव्हे, ही समजूत इतकी घट्ट होती कीं, हा भार दीर्घकाळ मिशनरी रुग्णालयांतील ख्रिस्ती भगिनींनींच मुख्यत्वें वाहिला. १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई फुले पुण्यास रोग्यांची शुश्रूषा करतांना स्वतःच त्या रोगानें वारल्या. त्यांचें वय तेव्हां ६६ होतें. त्यानंतर बारा वर्षांनीं, १९०९ मध्यें, रमाबाई रानडे यांनीं पुण्यास सेवासदन काढलें आणि हिंदु स्त्रियांस, त्यांतही विधवांस, परिचारिकेच्या शिक्षणासाठीं ससून रुग्णालयांत पाठविण्यास प्रारंभ केला. ज्या समाजांत विधवेचें दर्शनही अशुभ मानीत, त्या समाजांतून हें घडवून आणावयाचें होतें !

रमाबाईंची स्वतःची कथा तर प्रत्येक एकत्र कुटुंबानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १८७३ मध्यें अकराव्या वर्षीं विवाह होऊन त्या पुण्यास आल्या, आणि पतीच्या आग्रहानें घरींच शिकूं लागल्या. घरांतील वडील बायकांनीं त्याबद्दल त्यांना काय काय बोलून घेतलें, तें त्यांनीं १९१० मध्यें प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तांत नमूद आहे. न्यायमूर्ति १९०१ मध्यें निवर्तले. सेवासदन निघालें तेव्हां रमाबाई ४७ वर्षांच्या होत्या. दुसरें उदाहरण विदर्भांतील. बालवैधव्य आलेल्या कमलाताई होस्पेट यांनीं परिचर्येचें शिक्षण घेतलें, आणि वेणूताई नेने यांच्या साह्यानें १९२१ मध्यें नागपुरास मातृसेवा संघ स्थापिला. त्याच संस्थेनें पुढें १९५८ मध्यें समाजकार्याचें महाविद्यालय काढलें. सुतिकागृहापासून समाजकार्यापर्यंतचा हा प्रवास आम्हांस फार स्वाभाविक वाटतो. बाळंतिणीस घरीं पाठवितांना तिच्या घरीं अन्न आहे कीं नाहीं, हा प्रश्न कोणी तरी विचारावाच लागतो.

वयाचा मुद्दा काढणारांस आम्ही पार्वतीबाई आठवले यांचें स्मरण देतों. कोंकणांतील देवरुखच्या या विधवा बाई मोठेपणीं शिकल्या, कर्वे यांच्या आश्रमासाठीं गांवोगांव फिरल्या, आणि १९१८ मध्यें, वयाच्या ४८ व्या वर्षीं, इंग्रजी शिकण्याच्या व आश्रमासाठीं द्रव्य मिळविण्याच्या हेतूनें अमेरिकेस गेल्या. तेथें त्यांनीं लोकांच्या घरीं घरकाम करून दिवस काढले. त्यांपुढें आजच्या गृहिणीनें बसनें महाविद्यालयांत जाणें म्हणजे कांहीं मोठें साहस नव्हे.

परिचर्या, समाजकार्य आणि उशिराचें शिक्षण या तिन्ही गोष्टी एकाच आयुष्यांत पाहावयाच्या असतील, तर मात्र इंग्लंडांतील सिसिली सॉंडर्स यांच्याकडे वळावें लागतें. १९१८ मध्यें जन्मलेल्या या बाईंनीं युद्ध सुरू झाल्यावर ऑक्सफर्डचा अभ्यास सोडून १९४० मध्यें लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांतील नाइटिंगेल शाळेंत परिचारिकेचें शिक्षण घेतलें. पाठीच्या विकारामुळें तें काम झेपेना. तेव्हां रुग्णालयांतील समाजसेविकेचा अभ्यासक्रम त्यांनीं केला आणि १९४७ पासून तें काम पाहूं लागल्या. पोलंडांतून आलेला डेव्हिड टास्मा नांवाचा एक ज्यू निर्वासित त्याच सुमारास कर्करोगानें आजारी होता. मरणाऱ्या माणसास नीट मरतां येईल अशी एखादी जागा असावी, याविषयीं त्या दोघांचें बोलणें होत असे. १९४८ मध्यें तो वारला. जातांना त्यानें आपले ५०० पौंड त्यांना ठेवले, तुमच्या घरांत माझी एक खिडकी असूं द्या म्हणून.

यापुढील भाग आमच्या विषयाशीं जवळचा आहे. त्या मुमूर्षु रोग्यांच्या एका गृहांत संध्याकाळीं विनावेतन परिचारिकेचें काम करूं लागल्या. वेदना उठण्याची वाट न पाहतां, ठराविक वेळांनीं औषधाची मात्रा दिली तर रोगी शांत राहतो, हें त्यांनीं तेथें पाहिलें. हें सर्वत्र व्हावें असें त्यांना वाटे. परंतु परिचारिकेचें किंवा समाजसेविकेचें म्हणणें डॉक्टर मंडळी कशाला ऐकणार? ज्यांच्या हाताखालीं त्या काम करीत, त्या शल्यवैद्यांनीं त्यांना स्पष्टच सांगितलें कीं, तुम्ही वैद्यकच शिका. १९५१ मध्यें, ३३ व्या वर्षीं, त्या वैद्यकीय विद्यालयांत दाखल झाल्या. १९५७ मध्यें उत्तीर्ण झाल्या. आणि १९६७ मध्यें लंडनच्या सिडनहॅम भागांत त्यांनीं सेंट क्रिस्टोफर हॉस्पिस उघडलें. टास्माची खिडकी तेथें आहे. १९४८ पासून १९६७ पर्यंत एकोणीस वर्षें लोटलीं, आणि त्यांतील सहा वर्षें पुन्हां विद्यार्थिनी होण्यांत गेलीं. पुढें जगभर अशीं आश्रयस्थानें निघालीं. मुंबईस वांद्रें येथें १९८६ मध्यें निघालेलें शांति आवेदना सदन हें भारतांतील पहिलें. दुःख शरीराचें, मनाचें, कुटुंबाचें आणि आत्म्याचें असें एकत्रच असतें, हा विचार सॉंडर्सबाईंनीं मांडला. तीन निरनिराळ्या अंगांनीं रोग्यापाशीं बसल्याखेरीज तो सुचला असता, असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां व्यवहाराकडे वळूं. परिचर्येचा पहिला टप्पा म्हणजे दोन वर्षांचा ए.एन.एम. किंवा तीन वर्षांचा जी.एन.एम. अभ्यासक्रम. जी.एन.एम.साठीं भारतीय परिचर्या परिषदेनें घालून दिलेल्या नियमांत वरची वयोमर्यादा ३५ वर्षांची आहे, ए.एन.एम. झालेल्या परिचारिकांस मात्र त्यांतून सूट आहे. तेव्हां ज्या भगिनीनें विवाहापूर्वीं कांहींच केलेलें नाहीं, तिला चाळिशीनंतर हा मार्ग प्रायः बंद असतो, हें आधींच सांगितलेलें बरें. परंतु पूर्वीं जी.एन.एम. करून संसारासाठीं नोकरी सोडलेल्या, किंवा अजून नोकरींत असलेल्या, स्त्रियांची संख्या कमी नाहीं. त्यांच्यासाठीं दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. आहे, त्यानंतर दोन वर्षांची एम.एस्सी. आहे, तिला बी.एस्सी.स किमान ५५ टक्के गुण व एका वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. दिल्लीस व वेल्लोरास परिचर्येचा पदवी-अभ्यासक्रम १९४६ मध्यें सुरू झाला, तेव्हां आपल्या देशांत या विषयाची पदवी म्हणजे काय हेंच फार थोड्यांस ठाऊक होतें. आज एम.एस्सी. झालेली परिचारिका शिक्षिका होते, रुग्णालयाचा एखादा विभाग सांभाळते.

समाजकार्याचें दार याहून रुंद आहे. कोणत्याही शाखेच्या पदवीधरास दोन वर्षांची एम.एस.डब्ल्यू. करतां येते, पंचवीस वर्षांपूर्वीं बी.ए. होऊन घरीं बसलेल्या गृहिणीसही. या विषयाची देशांतील पहिली शाळा १९३६ मध्यें मुंबईस नागपाड्यांत निघाली. तीच पुढें टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून प्रसिद्धीस आली. १९४६ मध्यें मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत देशांतील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. त्यांचें काम काय, असें पुष्कळ जण विचारतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणें धर्मादाय रुग्णालयांस १० टक्के खाटा निर्धनांसाठीं विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठीं सवलतीनें राखून ठेवाव्या लागतात. पण खेड्यांतून आलेल्या शेतमजुरास हें सांगणार कोण, त्याचे कागद जुळविणार कोण, आणि "पैसे नाहींत, घरीं नेतों" म्हणणाऱ्या बापास थांबविणार कोण ? अशा वेळीं विशीतील मुलीपेक्षां पन्नाशीच्या बाईजवळ तो बाप लवकर मोकळा होतो. येथें वय अडसर होत नाहीं, उलट कामास येतें. मात्र या अभ्यासक्रमांत क्षेत्रकार्य असतें, आठवड्यांतून साधारणतः दोन दिवस. वस्ती, रुग्णालय, बालगृह, जेथें नेमतील तेथें जावें लागतें. ज्यांना केवळ व्याख्यानें ऐकावयाचीं आहेत त्यांनीं दुसरा विषय घ्यावा.

हिशेबही मांडून पाहावा. बेचाळिसाव्या वर्षीं पोस्ट बेसिक बी.एस्सी.स प्रवेश घेतला तर चव्वेचाळिसाव्या वर्षीं ती होते, लगोलग एम.एस्सी. केली तर शेचाळिसावें लागतें. राज्य शासनाच्या नोकरींतून बहुधा ५८ व्या वर्षीं निवृत्त व्हावें लागतें; म्हणजे बारा वर्षें हातीं राहतात. खाजगी संस्थेंत त्याहून अधिकही काम करतां येईल. बारा वर्षें म्हणजे थोडीं नव्हेत. मुलाच्या शिक्षणावर पांच-सहा वर्षें खर्च करून तो नोकरी धरील कीं परदेशीं जाईल याचा भरंवसा नसतांनाही आपण कर्ज काढतोंच.

आमच्या पुतण्याच्या पत्नीचा अनुभव सांगण्याजोगा आहे. तिनें एकेचाळिसाव्या वर्षीं एका खाजगी महाविद्यालयांत नांव घातलें. मान्यतेचें पत्र मागितलें तेव्हां "प्रक्रिया चालूं आहे" असें उत्तर मिळालें. ती प्रक्रिया वर्षभर चालूंच राहिली, परीक्षेचा अर्ज कांहीं भरतां आला नाहीं, आणि शुल्कही परत मिळालें नाहीं. म्हणून संस्थेच्या भिंतीवरील पाटीवर विश्वास न ठेवतां, परिषदेच्या व विद्यापीठाच्या त्या वर्षाच्या मान्यता-यादींत नांव स्वतः पाहावें, आणि मगच पैसे भरावे. दुसऱ्या वर्षीं तिला नीट प्रवेश मिळाला. आमच्या आत्याबाई, ज्यांचें वय पंच्याऐंशीच्या पुढें आहे, तिला म्हणाल्या, "सूनबाई, केस पिकायला लागले नि आतां गं दप्तर कसलं ? लोक काय म्हणतील ?" ती म्हणाली, "आत्याआजी, कुणी आजारी पडलं कीं ते लोक मलाच बोलावतात. तेव्हां काय म्हणायचं तें म्हणूं देत." आत्याबाई पुढें दोन दिवस बोलल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं स्वतः होऊन भाजी निवडावयास घेतली, आणि दोन वर्षें तें काम सोडलें नाहीं.

घरांतील पुरुषांनीं मात्र भाजी निवडण्यावर सुटूं नये. एकत्र कुटुंबांत माणसें पुष्कळ असतात, तेव्हां काम वांटलें जाईल असें वाटतें; प्रत्यक्षांत जी बाई पूर्वीं करीत होती तीच पहाटे उठून करून जाते. आम्हीं आमच्या घरीं एक कागद भिंतीस लाविला होता: सकाळचा चहा व नाश्ता कोणी, डबे कोणी, रात्रीचें जेवण कोणी, वृद्धांचीं औषधें कोणी. मुलगा परीक्षेस बसला म्हणजे घरांत दूरदर्शनसंच बंद होतो, पाहुण्यांस नंतर या म्हणून सांगतात. आईच्या परीक्षेस तेवढेंच करावें, अधिक कांहीं नको. शुल्काचे पैसेही घरच्या सामाईक खर्चांतून द्यावे. तिच्या अंगावरचें सोनें ही त्याची जागा नव्हे.

अभ्यासाविषयीं थोडें. आम्हीं कांहीं वर्षें रात्रशाळेंत प्रौढांस शिकविलें आहे. मोठ्या वयाचा विद्यार्थी नुसतीं नांवें लवकर विसरतो, पण कारण समजलेलें सहसा विसरत नाहीं. म्हणून वैद्यकांतील लांबलचक शब्द घोकीत न बसतां समासासारखे सोडवावे. ‘हायपर’ म्हणजे वर, अधिक. तो आपल्या ‘उपरि’चा भाऊबंद आहे. ‘हायपो’ म्हणजे खालीं, कमी, तो ‘उप’चा. ‘ऑस्टियो’ पाहिलें कीं ‘अस्थि’ आठवावें. शेवटीं ‘आयटिस’ आला कीं दाह समजावा. मग ‘ऑस्टियोआर्थ्रायटिस’ हा राक्षस राहत नाहीं. अस्थि, सांधा आणि दाह असे तीन तुकडे उरतात. मुलांच्या अभ्यासाच्या वेळींच आपलाही अभ्यास ठेवावा, एकाच टेबलापाशीं. पहिल्या चार महिन्यांत वर्गांतील विशीच्या मुली पुढें जातात. त्यांची लाज धरूं नये, त्यांच्याकडून संगणक शिकून घ्यावा. रोग्याच्या खाटेपाशीं कसें बोलावें हें पुढें त्याच मुली आपल्याकडून शिकतात.

आणि एक किरकोळ वाटणारी पण प्रवेशाच्या वेळीं हमखास अडविणारी गोष्ट. शाळा सोडल्याचा दाखला, मॅट्रिकचें किंवा बारावीचें प्रमाणपत्र आणि जुनी नोंदणी माहेरच्या नांवानें असते. आधारपत्र व बँकेचें पुस्तक सासरच्या. विवाह-नोंदणीचा दाखला नसेल तर तो आधीं काढावा, नांवबदलाची राजपत्रांतील प्रसिद्धि किंवा प्रतिज्ञापत्र जें मागतील तें तयार ठेवावें, आणि परिचर्या परिषदेंतील नोंदणीची मुदत संपली असेल तर तिचें नूतनीकरण करून घ्यावें. अर्ज निघण्याची वाट पाहत बसूं नये. या कागदांनाच सर्वांत अधिक दिवस लागतात.